भाऊसाहेबांचा डबा

डबा परत केला तर वनमालाबाई खैरनारांना नऊशे रुपये अनामत मिळणार होती. नाही केला, तर नुसता डबा. बाईंनी डबाच धरून ठेवला. तो घेऊन कामावर जाणारे भाऊसाहेब वारून सात महिने झाले होते.

स्टील पुन्हा वितळवायला मिळावं म्हणून अनामत घेऊन डबे देणाऱ्या कंपनीनं प्रत्येक डब्याच्या बुडात चिप बसवली होती. डबा नव्वद दिवस पडून राहिला, की चिप गाडी बोलावून घेई. म्हणून बाई रोज सकाळी पोळीभाजी भरत आणि दुपारी स्वतःच उघडून जेवत.

तरी गाडी आलीच.

"मावशी, दोन हजार वापर झाले. डब्याचं आयुष्य संपलं," गाडीवाला म्हणाला.

"राहू दे रे. आमच्या ह्यांची तेवढीच आठवण आहे."

"काका गेले? मग कळवायचं ना! गेलेल्या माणसाची एक वस्तू कंपनी घरी ठेवू देते. पण तुमचा डबा तर रोज भरतोय. कंपनीच्या लेखी काका अजून कामावर जातायत."

"कुणाच्या तरी लेखी जातायत म्हणायचं," बाई म्हणाल्या.

त्यांनी डबा पदरानं पुसला. रिकामा कसा द्यायचा, म्हणून त्यात चार चमचे साखर घातली. चिपनं तोही एक वापर धरला.

कंपनीला अर्धा किलो स्टील मिळालं, गाडीवाल्याला साखर. बाईंच्या नऊशेतून जादा वापराचे पन्नास कापले गेले.