सरकारी गाणं
दुपारी लेकीने, बोरामने, आमच्या लाडक्या गायकाच्या पहिल्या रेकॉर्डची नव्याने निघालेली आवृत्ती लावली आणि घर पाण्याखाली गेल्यासारखं संथ झालं. आमच्या तरुणपणी कोरियात सरकारचा हुकूमच होता, प्रत्येक रेकॉर्डच्या शेवटी एक देशप्रेमाचं गाणं घालायचं. गायकाचा हळवा सूर विरतो न विरतो तोच लष्करी बँड दणाणायचा. जॉन्जू शहरातल्या कॉलेजात, क्लबच्या खोलीत, तो बँड सुरू व्हायच्या आत सुई उचलायला मी आणि एक अनोळखी मुलगा एकदमच झेपावलो आणि हातावर हात पडला. त्याच मुलाशी लग्न केलं. गायकाच्या पुढच्या रेकॉर्ड्स निघाल्या तशा घेतल्या, मग घ्यायच्या राहिल्या, आणि आमचं बोलणंही किमची नि औषधांपुरतं उरलं. आज शेवटचं कडवं संपलं, तसा माझा हात आपोआप सुईकडे गेला. शेजारून यांचाही. पण बँड वाजलाच नाही, नुसती खरखर. "यात ते सरकारी गाणं काढून टाकलंय, आई," बोराम हसली. "सुटलात एकदाचे!" आम्ही दोघं हात अधांतरी धरून तसेच बसलो. मग यांनी घसा खाकरला आणि आयुष्यभर शिव्या घातलेलं ते गाणं छाती फुगवून, बेसूर, सुरू केलं. "अहो, बंद करा ते!" मी ओरडले. "मग उचल की सुई," म्हणत त्यांनी हात पुढे केला. मी त्यावर हात ठेवला, पण गाणं काही थांबू दिलं नाही.