करिश्माची सही

करिश्माने तिसऱ्या पानावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत लाल रेघ ओढली आणि चौथं पान घेतलं.

केशवरावांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. रेघ तिथेच होती. अमरावतीच्या कॉलेजात तीस वर्षं मराठी शिकवताना त्यांनी हजारो पेपरांवर अशा रेघा ओढल्या होत्या. स्वतःच्या लिखाणावर ओढली गेलेली ही पहिलीच, आणि तीही मसाल्याच्या पाकिटांना लेबलं चिकटवणाऱ्या पोरीकडून.

करिश्मा सत्तावीस वर्षांची. शेंदूरजनाघाटच्या संत्रा बागायतदाराची लेक. जन्मापासून डाउन सिंड्रोम. तिच्यासारख्यांना काम मिळावं म्हणून एका संस्थेने ही मसाल्याची कार्यशाळा काढली होती. मन आजारी पडलं तर ते कसं ओळखायचं, हे इथल्या लोकांना स्वतः वाचून कळावं, म्हणून संस्थेला एक पत्रक हवं होतं. केशवरावांनी आठ पानं लिहून दिली. मथळा होता ‘बौद्धिक अक्षमताधारक व्यक्तींमधील मनोस्वास्थ्यविषयक साक्षरता : एक दिशादर्शन’. मथळा वाचतानाच दम लागायचा. केशवराव त्याला भारदस्तपणा म्हणत.

निवृत्त होऊन आठ महिने झाले होते, आणि आठ महिन्यांत कोणी त्यांच्याकडे काही मागितलं ते हेच. सकाळी बायकोने, सुभद्राबाईंनी, इस्त्रीचा शर्ट काढून दिला होता आणि शेजारी ऐकू जाईल एवढ्या आवाजात विचारलं होतं, “छापून कधी येते म्हणता?” सही झाली तर दुपारीच छपाईला. नाही झाली, तर संस्था दुसरा लेखक बघणार आणि केशवराव परत गॅलरीतल्या खुर्चीत.

सही करिश्माची लागत होती. ती पास करेल तेच छापायचं, असं संस्थेच्या आकांक्षा मॅडमनी फोनवर सांगितलं होतं. केशवरावांना नियम पटला. जिला सगळ्यात कमी समजतं तिला समजलं, की बाकीच्यांची काळजी नाही. तेवढं तिला समजावून सांगायला कोणी जाणकार हवा, म्हणून ते स्वतः आले होते.

“सर, विषण्णता म्हंजे काय?”

“खिन्नता.”

“खिन्नता म्हंजे?”

“औदासीन्य.”

“अन् ते?”

केशवरावांनी जरा विचार केला. “विषण्णता,” ते म्हणाले.

करिश्माने तिन्ही शब्द खोडले. शेजारी डिंक लावत बसलेला चाळिशीचा बंडू फिस्सकन हसला. “सर फिरून फिरून गावातच आले!”

“तू डिंक लाव, बंडूभाऊ,” करिश्मा म्हणाली आणि कोरा कागद ओढून केशवरावांकडे वळली. “पुस्तकातलं नोका सांगू, सर. कसं होते ते सांगा. सकाळी उठलं का पयले काय होते?”

अशांना उदाहरण लागतं, हे केशवरावांना ठाऊक होतं. ते खुर्चीत सावरून बसले, वर्गात बसत तसे.

“समज, एक माणूस आहे. सकाळी जाग येते, पण उठावंसं वाटत नाही.”

“हं.” ती लिहू लागली. अक्षर मोठं, सावकाश. “मंग?”

“मग पेपर घेतो हातात. अर्धा तास एकच पान समोर. एक ओळ डोक्यात शिरत नाही.”

“जेवते का तो?”

“जेवतो. चव नाही लागत. बायको हौसेनं भरली वांगी करते, विचारते कशी झाली. हा म्हणतो, बरी.”

“अन् दोस्त?”

“फोन येतात. उचलत नाही. वाजून वाजून बंद झाला की बरं वाटते त्याले.”

“किती दिवसापासून?”

“झाले असतील पाच महिने. आता काही घडलं का? नाही ना! कोणी मेलं नाही, पेन्शन टायमावर येते. तरी न्हाणीत गेलं का रडू येते. काहून येते, समजतच नाही ना बापा.”

केशवराव मूळचे अकोल्याकडच्या तेल्हाऱ्याचे. चाळीस वर्षं घासूनपुसून प्रमाण केलेली भाषा कुठे सुटली, ते त्यांना कळलंही नाही. बंडूला कळलं. तो हसला मात्र नाही.

करिश्माने खाली आणखी काही ओळी स्वतःच्या मनाने घातल्या आणि कागद मोठ्याने वाचला.

“सकाळी उठावं वाटत नाही. जेवणाले चव लागत नाही. कोणाशी बोलावं वाटत नाही. रडू येते, काहून ते समजत नाही. असं दोन हप्ते झालं तर तो आजार असू शकते. तुमची चूक नाही. लपवू नोका. घरी सांगा. डॉक्टरकडे जा. माणूस बरा होते.”

आठ पानांचा अर्धा कागद झाला होता. केशवरावांना वाईट वाटायला हवं होतं. पण त्यांनी कागद हातात घेतला, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला, आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा अक्षर न अक्षर डोक्यात शिरलं. एवढंच म्हणाले, “भाषा थोडी सरळ करू आपण.”

“करा ना. मंग मी सही करतो.”

त्यांनी ‘जेवणाले’चं ‘जेवणाला’ केलं, ‘नोका’चं ‘नका’ केलं. करिश्माने खाली आपलं पूर्ण नाव लिहिलं. पत्रक पास झालं.

शिकवणं सार्थकी लागलं की मास्तरच्या तोंडावर जे समाधान येतं, ते केशवरावांच्या तोंडावर आलं. त्यांनी मायेने विचारलं, “चला, आता समजलं ना तुला, हा आजार कसा असतो ते?”

“मले?” करिश्माने पेनाला टोपण लावलं. “मले तं मागच्या सालीच झालता ना, सर. सहा महिने गोळ्या खाल्ल्या, आता बरी हाय. म्हणून तं मॅडम मले तपासाले देते. तुमी मंगळवारी या. माहे डॉक्टर मंगळवारी बसते. आपण संग जाऊ.”