बटण कोणी दाबलं

"माझ्या बोटांकडे बघा फक्त. पडद्याकडे नाही, बोटांकडे," गणिताच्या बाई नवऱ्याला म्हणाल्या आणि त्यांनी आलेख काढायचा कॅल्क्युलेटर जेवणाच्या टेबलावर ठेवला.

नवऱ्याने खुर्ची पुढे ओढली. दुपारचा चहा अर्धाच झाला होता. पण बायकोचा आवाज असा लागला की कप बाजूला सारलेला बरा, एवढं शहाणपण त्याला संसाराने दिलं होतं.

बाईंनी समीकरण भरलं. फळ्यासमोर उभ्या असल्यासारख्या त्या एकेक बटण मोठ्याने उच्चारून दाबत होत्या. शेवटी आलेखाचं बटण दाबलं. डावीकडून रेषा निघाली, खाली उतरली, वळून वर चढायला लागली आणि पडदा कोरा झाला.

"दाबलं मी बंद करायचं बटण?"

"नाही."

"नीट बघितलंत?"

"अगं, डोळे फाडून बघत होतो."

"माझी समजूत काढू नका."

बंद करायला दोन बटणं एकामागोमाग दाबावी लागतात, चुकून हात लागला असं म्हणायचीही सोय नव्हती. वर्गात कॅल्क्युलेटर सारखा बंद पडायचा. पोरं खुसखुसायची, त्याचं बाईंना काही वाटत नव्हतं. पण पुढच्या बाकावरची एक मुलगी अगदी हळू, मायेने म्हणाली होती, "बाई, तुम्हीच बंद केलात." ते हसण्यापेक्षा जास्त लागलं. तेव्हापासून बाई स्वतःच्याच बोटांवर पाळत ठेवून होत्या.

"आईचं असंच सुरू झालं होतं," त्या म्हणाल्या. "हात भलतंच काहीतरी करून बसायचे आणि तिला पत्ताच नसायचा. उद्या मोठ्या बाईंना सांगून टाकते, शेवटच्या वर्षाचा वर्ग दुसऱ्या कोणाला द्या. माझ्यापायी पोरांच्या वर्षाचं वाटोळं नको."

"एका डबड्यावरून?"

"डबडं ठणठणीत आहे. शाळेत तपासून घेतलं. सेल नवे आहेत, मी स्वतः घातलेत. मग उरलं कोण?"

हिशेब गणिताच्या बाईंचा. त्यात चूक काढायची नवऱ्याची काय बिशाद! पण तिचा तो बारीक झालेला चेहराही त्याला बघवेना.

"आण इकडे," तो म्हणाला. "तू सांग, मी दाबतो. आणि तुझे हात मांडीखाली घे. लबाडी नको."

बाई खरंच हात मांडीखाली घेऊन बसल्या. नवरा एका बोटाने बटणं शोधत, तांदळातले खडे निवडावेत तसा, समीकरण भरत गेला. दोनदा चुकला, दोनदा ओरडा खाल्ला. तिसऱ्यांदा जमलं. रेषा निघाली, उतरली, वळली. पडदा कोरा.



"तुमच्याही हातून गेला," बाई म्हणाल्या.

"गेला की!" नवरा लॉटरी लागल्यासारखा ओरडला, आणि त्याच जोमात त्याने कॅल्क्युलेटर पालथा करून मागचं झाकण सरकवलं.

आत चार सेल होते. तीन हिरवे, एक काळा.

"हा काळा कुठला?" बाईंनी विचारलं. "मी चारही हिरवे घातले होते."

नवऱ्याचा जोम जागच्या जागी जिरला. त्याने काळा सेल काढला, उलटासुलटा करून पाहिला आणि मग टीव्हीच्या रिमोटकडे पाहिलं.

"रिमोट चालत नव्हता," तो म्हणाला. "मॅचचा शेवट होता गं. म्हटलं, तात्पुरता यातला एक काढू आणि रिमोटमधला यात टाकू. चारांत एक अर्धमेला खपून जाईल."

"आणि?"

"आणि साफ विसरलो."

आता आभाळ कोसळणार म्हणून तो खांदे आवळून बसला. बाईंनी मांडीखालचे हात सोडवले, तोंडावर धरले आणि हसायला लागल्या. हसता हसता डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, तरी थांबेनात. जीव असा भांड्यात पडला होता की नवऱ्यावर रागवायचंसुद्धा राहून गेलं.

त्याने रिमोटमधून हिरवा सेल मुकाट्याने काढून आणला आणि जागेवर बसवला. समीकरण बाईंनीच भरलं, या वेळी न बोलता. रेषा उतरली, वळली, वर चढत गेली आणि पडद्याच्या कडेपर्यंत पोचली. पडदा उजळलेलाच राहिला.

मग बाईंचं हसू एकदम ओसरलं.

"पण गुरुवारी मी शाळेत गेले आणि किल्ली दिवसभर बाहेर कुलपालाच लटकत होती. ते?"

"तेही मीच," नवरा पटकन म्हणाला. "मागाहून मीच कुलूप लावलं आणि किल्ली विसरलो. सांगायची लाज वाटली."

"थापा मारू नका. गुरुवारी तुम्ही पहाटेच्याच गाडीने तुमच्या ताईंकडे गेलात. निळा सदरा घातला होता, बाहीची शिवण उसवलेली. घालून देते दोन टाके म्हटलं, तर गाडी चुकेल म्हणालात. ताईंसाठी भरून दिलेला डबा इथेच ओट्यावर विसरलात, आणि संध्याकाळी येऊन वर मलाच सांगितलंत, की ताईंना फार आवडला म्हणून."

 नवरा हनुवटीवर हात ठेवून तिच्याकडे बघत राहिला.

"असे काय बघताय? यात काय चुकलं माझं?"

"काही नाही," तो म्हणाला. "अजून सांग."