दहा मिनिटांतल्या शिंका

इंडोनेशियातल्या सेमारांगच्या बाजारात बाटिकचं कापड विकणाऱ्या सुलास्मीबाईंना ॲलर्जी कसलीच नव्हती, पण जरा धूर किंवा उग्र वास आला की नाक वाहायचं, शिंका सुटायच्या. तीन महिन्यांच्या औषधानं त्या ठणठणीत झाल्या. तरी डॉक्टर हर्तोनो दर भेटीत समोर बसवून दहा मिनिटांतल्या शिंका मोजायचे, आणि बारा-तेरा भरायच्याच.

"घरी एकही येत नाही हो, डॉक्टरसाहेब!" त्या शिंकत म्हणाल्या.

"घरचं कोण बघतं? इथं मोजलेलं तेच खरं. औषध फुकट गेलं. आता नाकातली नस कापू. करा सही."

सुलास्मींनी नाकाला रुमाल लावून कागद परत सरकवला.

"माझं नाक कापण्यापेक्षा, तुमच्या अंगावरचं ते अत्तर आधी धुऊन या."