गुनवोरचा मॉनिटर

बायको गुनवोर गेल्याचा नॉर्वेतल्या ट्रोम्सोच्या हॉस्पिटलमधून फोन आला, तेव्हा हालवर तिच्या खुर्चीला धरून उभा राहिला. त्याच क्षणी टेबलावरचा तिचा मोठा मॉनिटर आपोआप उजळला. त्याला जोडलेला लॅपटॉप मिटलेला होता. माऊस कुठेच दिसत नव्हता.

पुढे हालवर नुसता खुर्चीजवळून गेला, लाकडी जमीन जराशी करकरली, तरी मॉनिटर उजळायचा आणि तिचं अर्धवट राहिलेलं भाषांतर समोर यायचं. शेवटी स्वयंपाकघरात जायलाही तो बाहेरून, बर्फातून वळसा घेऊ लागला.

रविवारी मुलगी आली.

"सिग्ने, हे घेऊन जा गं इथून. मला भीती वाटते."

"आई जन्मभर दटावत होती तेव्हा नाही घाबरलास, बाबा, आणि आता?" म्हणत सिग्नेनं वायर काढायला खुर्ची ओढली. मॉनिटर उजळला. तीही दचकली. मग खुर्चीच्या पाठीवर लटकणाऱ्या आईच्या लोकरी जाकिटाचा खिसा तिला फुगलेला दिसला. आत तिचा बिनतारी माऊस होता, चालू.

"हा खिशात का ठेवायची ती?"

"कॉफी आणायला उठली, की मी तिच्या मॉनिटरवर पत्ते लावत बसायचो ना."

 

आता हालवर खुर्चीजवळूनच जातो. माऊस बंद करायचं तेवढं अजून राहिलंय.