कपातली तुळस

“रोहिणीताई, आमच्या चहात तुळस नाही.”

फोनवरचा विजयसिंहांचा आवाज गोड होता, पण शब्द कोरडे होते. रोहिणी ओट्यापाशी उभी राहून ऐकत होती.

“पाच मळ्यांच्या पाच पुड्या पाठवल्या. रंग, कडवटपणा, वास, सगळं नेमकं लिहिलंत. आणि प्रत्येकीच्या खाली तीच ओळ, मागं तुळशीचा हलका वास राहतो. मी स्वतः पुन्हा चाखून पाहिलं. मनानं रचून लिहीत असाल ताई, तर हे काम व्हायचं नाही. सहावी पुडी तुमच्याकडं आहे. उद्या सकाळी चाखा आणि कळवा. मग बघू.”

विजयसिंह पुण्याचे चहाचे व्यापारी. चैत्रातल्या सप्ताहात कीर्तन ऐकायला शिरूर कासारला आले, तेव्हा बुवांसाठी भारीतला चहा घेऊन आले होते. तो करायचं काम रोहिणीकडं आलं. उरलेला घोटभर चाखून ती म्हणाली, “ह्या पत्तीला वाटंत ओल लागलीय.” खोकं खरंच भिजलेलं निघालं. बुवांचं कीर्तन जितकं विजयसिंहांच्या ध्यानात राहिलं, तितकीच ही जीभ राहिली. म्हणूनच परीक्षेसाठी त्यांनी सहा पुड्या पाठवल्या होत्या, चाखून चव लिहून कळवायला.

हे चहा चाखायचं काम मिळालं तर नवरा, युवराज, गावातच मजुरी धरणार होता. लेकीची, सायलीची, तिसरीची शाळा मधेच सुटणार नव्हती. न मिळालं तर दिवाळी झाली की मुकादमाची गाडी दारात. ऊसतोडीला नवराबायको मिळून एक कोयता. एकट्या युवराजला कोण विचारतंय!

सासूनं, मंजुळाबाईंनी, बावीस हंगाम ऊस तोडला होता. सुनेचं चहा चाखणं म्हणजे त्यांना घरबसल्या तमाशा. रोहिणी चमच्यानं सुर्रकन घोट ओढायची, तोंडात घोळवायची आणि थुंकून टाकायची.

“पाव्हन्यांम्होरं दावायची सोय न्हाई बाई हिची!” मंजुळाबाई म्हणायच्या. “राणीवानी कप घिऊन बसती. उसाच्या फडावर कोन देनार हाय कप?”

ते शेवटचं वाक्य रोहिणीच्या मनात बाभळीच्या काट्यासारखं मोडून बसलं होतं.

सकाळी तिनं नुसत्या पाण्यानं चूळ भरली. सहाव्या पुडीतली पत्ती पांढऱ्या कपात टाकली, उकळतं पाणी ओतलं, झाकण ठेवलं. आता पाच मिनिटं थांबायचं. ही पाच मिनिटं ती रोज अंगणात काढायची, चुलीच्या धुरापासून नाक मोकळं व्हावं म्हणून. आज बाहेर गेली आणि वेळ लावलेला मोबाईल आतच राहिला म्हणून तशीच मागं फिरली.

ओट्यावर कप नव्हता.

तो देव्हाऱ्यापुढं होता. मंजुळाबाई डोक्यावर पदर घेऊन बसल्या होत्या. झाकण बाजूला, आणि चहावर तुळशीचं पान तरंगत होतं. त्यांनी कपाभोवती पाणी फिरवलं. डोळे मिटले. ओठ हलले. मग बोटाच्या टोकानं पान अलगद उचलून तोंडात टाकलं आणि झाकण होतं तसं ठेवलं.

“आत्याबाई! कामून केलं असं?”

मंजुळाबाई दचकल्या. “नवी चीज घरात आली की आदी देवाला दावायची असती. तू तर पाच मिन्टं झाली की तोंड लावतीस. त्याला काय उष्टं दावू? आन् पान कुटं ठिवलं मी? लगीच काडते की.”

“पाची येळंला?”

“पाची येळंला.”

रोहिणीनं तो कप देव्हाऱ्यापुढंच राहू दिला. बुवा कीर्तनात सांगायचे, देव भक्ताचं ओझं वाहतो. इथं तर देवाच्या पानानंच तिची नाव बुडवली होती.

तिनं दुसरा कप केला. चाखला. तुळस नव्हती. तेवढं लिहून गप्प बसलं असतं तरी निभावलं असतं. पण समोर इठोबा कमरेवर हात ठेवून उभा. त्याच्यापुढं लबाडी लिहायला बोट वळेना. तिनं फोन लावला आणि काही न लपवता सगळं सांगितलं.

पलीकडून विजयसिंहांनी विचारलं,

“पान किती वेळ होतं कपात?”

“हात जोडून होईस्तोवर.”

“आणि तुम्ही प्यायच्या आधी काढलेलं?”

“व्हय.”

विजयसिंह हसायलाच लागले. “अहो ताई, अर्ध्या मिनिटाचं पान, तेही काढून टाकलेलं, आणि तुम्हाला पाचही वेळा कळलं? वीस वर्षं चहा चाखतोय मी, मला कळलं नसतं. सोमवारी दहा पुड्या निघतील. दर महिन्याला येत जातील. आणि सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.”

मंजुळाबाई दाराशी चोरासारख्या उभ्या होत्या. “बुडालं का गं काम?”

रोहिणीनं त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. “मिळालं, आत्याबाई. तुमच्या पानानंच मिळालं. पर रोज डोळे मिटून देवाला येवडं काय सांगत व्हता?”

मंजुळाबाईंनी पदरानं नाक पुसलं. कोयत्यानं घट्टे पडलेला तळवा सुनेच्या मस्तकावर टेकवला.

“दुसरं काय सांगनार? म्हनलं, इठ्ठला, माज्या हातात कोयता दिलास, दिलास. हिच्या हातात ह्यो कप ऱ्हाऊ दे.”