हंसाताईंची कात्री

केळव्याला ओहोटी लागली होती आणि पास्टर कमरेएवढं पाणी शोधत आत आत चालले होते. बराच वेळ झाला तरी पाणी काही पोटरीच्या वर येईना. ते मूळचे नाशिकचे. भरतीची वेळ आधी कुणाला तरी विचारायची असते, हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं.

काठावर मेघाली बाप्तिस्म्यासाठी पांढरा ड्रेस घालून उभी होती. कडेवर वर्षाचा दिग्विजय, म्हणजे दिगू, शेजारी नवरा शैलेश. आणि दिगूच्या डायपरखाली, कमरेला, काळा दोरा होता.

बोईसरच्या त्यांच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, नियम हंसाताई सांभाळत. टिकली नको, बांगड्या नकोत, जोडवी नकोत, आणि गंडादोरा तर मुळीच नको. त्यांच्या पर्समध्ये बायबलला लागून एक छोटी कात्री असायची. मेघालीनं बाकीचं सगळं केव्हाच उतरवलं होतं. बी.एस्सी. झालेली बाई, तिला त्यात काही जड गेलं नाही. पण हा दोरा उमरोळीच्या सासूबाईंनी बांधला होता, दिगूला तापात आकडी आली त्या आठवड्यात. त्यानंतर आकडी आली नव्हती. दोऱ्यानं काही होत नाही, हे मेघालीला पक्कं ठाऊक होतं. आणि तो काढला की काहीतरी होणार, हेही तितकंच पक्कं ठाऊक होतं.

म्हणून आज तिनं डायपर जरा वरच चढवला होता. देवापासून डायपरखाली काय लपणार? पण तो निदान हंसाताईंना सांगायचा नाही, एवढा तिचा विश्वास होता.

दिगूनं नेमका तेव्हाच डायपर भरला.

पांढरा ड्रेस खराब होईल म्हणून हंसाताईंनी मायेनं त्याला ओढून घेतलं, वाळूवर टॉवेल पसरला आणि डायपर सोडला. मग मान वर करून नुसतं मेघालीकडे पाहिलं. कात्री निघाली.

मेघालीनं विनवलं, नंतर कापू, हे तापाच्या साथीचे दिवस तेवढे सरू देत. शैलेश समुद्राकडे बघत राहिला.

"भीती पोटात ठेवून पाण्यात जाशील," हंसाताई म्हणाल्या, "तर नुसती भिजून येशील."

आणि दोरा कचकन कापला.

दिगूचे डोळे फिरतात का, ओठ निळे पडतात का, मेघाली बघत राहिली. दिगूनं हंसाताईंचं नाक पकडलं आणि दोन दात दाखवून खदखदून हसला.

हंसाताई विरघळल्या. "काय गोड हाय गं मेला," म्हणत त्यांनी दोन्ही हात त्याच्या गालांवरून उतरवले आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. दहाच्या दहा.

मग त्यांचे हात तिथेच राहिले.

मेघाली त्या हातांकडे बघत होती.

"ताई," तिनं हळूच विचारलं, "हे कशानं कापायचं?"

टोमणा नव्हता तो. तिला खरंच विचारायचं होतं.

हंसाताईंनी हात खाली घेतले. दिगूला नवा डायपर बांधला, कात्री पर्समध्ये टाकली, चेन लावली. लांबवर पास्टरांना अखेर कमरेएवढं पाणी सापडलं होतं आणि ते दोन्ही हात हलवून बोलावत होते. हंसाताईंनी दिगू आणि पर्स दोन्ही शैलेशच्या हातात दिलं, चपला काढल्या, साडीचा पदर कमरेला खोचला.

"ताई, तुमचा बाप्तिस्मा झालाय ना," शैलेश गोंधळून म्हणाला. "आमच्या लग्नाच्याही आधी."

"तेवा बहुतेक नुसती भिजलेली मी," हंसाताई म्हणाल्या, आणि मेघालीचा हात धरून पाण्याकडे निघाल्या.